लाडू मिळाले, पण धरायचं कसं ते नाही
लेखात गरोदरपणाच्या सातव्या महिन्यापासूनच स्तनपानाचं काउन्सेलिंग हवं म्हटलंय ते शंभर टक्के पटलं. आमच्या कोथरूडला नऊ महिने सोनोग्राफ्या झाल्या, अळिवाचे लाडू झाले, पण बाळाला छातीशी धरायचं कसं हे कुणी सांगितलंच नाही, तिसऱ्या दिवशी निपलला चिरा, बाळ रडतंय आणि सासूबाई म्हणतायत दूध पुरत नाही, पावडर आणा. शेवटी शेजारच्या नर्सताईंनी बघितलं, म्हणाल्या अगं नुसतं टोक देतेस, तोंड मोठं उघडू दे त्याला, भोवतीचा काळा भाग पण आत जाऊ दे. दोन दिवसांत फरक! आणि पाचव्या दिवसानंतर रोज निदान 6 लंगोट ओले होतायत म्हणजे दूध पुरतंय, हे आधी कळलं असतं तर तो पावडरचा डबा (केवढा महाग!) आणलाच नसता.