बांबूच्या पानांचं तोरण

दसरा आला की आमच्या घरच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो: झेंडू मूळचा मेक्सिकोचा, पोर्तुगीजांनी आणलेला, तेव्हा तोरणात नको. यंदा त्यावरून काका आणि मावसभाऊ यांची चांगलीच जुंपली. इथे तोक्योत मी ते वाचत होते, शेजारी माझी बांबूची चित्रं वाळत पडली होती.

दर शनिवारी मी शाईची चित्रं शिकते. सुरुवात चार झाडांनी होते: उमे (जर्दाळूच्या कुळातलं), ऑर्किड, बांबू, शेवंती. यांना म्हणतात ‘शिकुन्शी’, चार सज्जन. बांबू जसा वाढतो तसाच खालून वर काढायचा. कुंचला दाबायचा, ओढायचा, पेरापाशी क्षणभर थांबायचं. सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या शिकवणाऱ्या बाईंनी, पहिल्याच दिवशी सांगितलं, हे चौघे चीनहून आलेत. बांबू आतून पोकळ म्हणजे निगर्वी, वाकेल पण मोडणार नाही. उमे ऐन थंडीत फुलते. चिनी विद्वानांना त्यांत आपला आदर्श दिसला. हे सांगताना बाईंच्या आवाजात जराही संकोच नव्हता.

इथल्या उएनो भागातल्या राष्ट्रीय संग्रहालयात हासेगावा तोहाकू (१५३९–१६१०) या चित्रकाराने शाईत काढलेले धुक्यातले पाइन आहेत. जवळून पाहिलं तर नुसते खरखरीत, घाईचे फटकारे. चार पावलं मागे सरलं की झाडं उभी राहतात आणि मधला कोरा कागद धुकं होतो. शाईची ही ओल तोहाकू तेराव्या शतकातल्या मू-ची या चिनी भिक्षूची चित्रं पाहून शिकला. मू-चीची मायदेशी फारशी कदर झाली नाही. त्याची उत्तम चित्रं आज क्योतोच्या दाइतोकुजी मंदिरात आहेत. परक्याचं म्हणून टाकलं असतं, तर मू-चीही गेला असता आणि तोहाकूही घडला नसता.

आणलेलं इथे बदललंही. पाइन, बांबू, उमे हे चीनमध्ये हिवाळ्याचे तीन मित्र, सचोटीची खूण. इथे ते लग्नात, नववर्षात शुभचिन्ह झाले, इतके रुळले की हॉटेलातल्या थाळ्यांचे तीन दर्जेही त्यांच्याच नावाने.

मात्र आपला-परका हा वाद इथेही आहेच. २०१९ मध्ये ‘रेइवा’ हे नवं युगनाम (नव्या सम्राटाच्या कारकिर्दीचं नाव) जाहीर झालं, तेव्हा ते पहिल्यांदाच जपानी ग्रंथातून, ‘मान्योशू’ या प्राचीन काव्यसंग्रहातून घेतल्याचं सरकारने अभिमानाने सांगितलं. उतारा इसवी सन ७३० मधल्या दाझाइफूच्या मैफलीचा, उमेच्या फुलांवरच्या कवितांची प्रस्तावना. अभ्यासकांनी लगेच दाखवलं की त्या ओळींमागे चांग हंग या हान राजवटीतल्या चिनी कवीची रचना आहे. आणि उमे तरी कुठली? तीही चीनहूनच आलेली. म्हणून रेइवा कमी जपानी ठरलं, असं मला मुळीच वाटत नाही.

झेंडूचंही तसंच. आजीने तो सुईदोऱ्यात ओवला, खंडेनवमीला अवजारांवर वाहिला, तेव्हाच तो आपला झाला. मेक्सिकोचं नाव जरूर सांगावं, सेन्सेई चीनचं सांगतात तसं, मोकळेपणी. त्यासाठी फूल दारावरून उतरवायचं कशाला?

यंदा कोपऱ्यावरच्या दुकानातून झेंडूच्या दोन कुंड्या आणल्या. आंब्याची पानं मिळेनात, म्हणून मध्ये बांबूची घातली. तोरण दाराला बांधलं आणि काकांना फोटो पाठवला.