शेंड्यापर्यंत गोड

एका बिलावर आमच्या आडनावातला 'ळ' जाऊन 'ल' आला. कुठल्या कचेरीचं बिल ते सांगत नाही, मला पुन्हा तिथंच जायचंय. दुरुस्तीसाठी विश्रामबागेतून सायकल हाणत गेलो. अर्ज क्रमांक मिळाला ७३९३९१३३. दुसरा कुणी असता तर 'किती दिवस लागतील?' म्हणाला असता. मी जन्मभर गणित शिकवलंय. आधी आकड्यांची बेरीज केली. ३८. म्हणजे तीननं भाग जात नाही. संशय आला.

मूळ संख्या आहे का ते बघायचं तर वर्गमुळापर्यंत, म्हणजे ८५९८ पर्यंतच्या हजारावर मूळ संख्यांनी भागावं लागतं. रांग मोठी होती, कागदाची पाठ कोरी होती. ४३ पर्यंत पोचलो आणि खिडकी जेवायला गेली. रात्री नातवानं कॉम्प्युटरवर क्षणात सांगितलं, "मूळ आहे, आजोबा. झोपा आता."

पुढच्या खेपेला फॉर्मात चौकटी सातच. "शेवटचा आकडा सोडा की ओ सर," क्लार्क म्हणाला. सोडला. ७३९३९१३. घरी बघितलं, हीसुद्धा मूळ! तिसऱ्या टेबलावरच्या रजिस्टरात रकाना सहा आकड्यांचा. ७३९३९१. मूळ. प्रिंटरनं कागदाची कड खाल्ली, ७३९३९. मूळ. मग मला दम निघेना, उरलेले आकडे मीच तोडले : ७३९३, ७३९, ७३, ७. सगळ्या मूळ! शेंड्याकडून कांडं कांडं तोडत बुडख्यापर्यंत यावं आणि शेंडासुद्धा गोड निघावा, असा ऊस आमच्या सांगली जिल्ह्यात अजून कुणी पिकवलेला नाही.

अशा संख्या एकूण ८३च, आणि त्यांतली सगळ्यांत मोठी माझ्या 'ळ'च्या वाट्याला आलेली. चार आकडे घ्या, सगळे सारखे नकोत, उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करत राहा, शेवटी ६१७४ च येते; हे गुपित देवळालीच्या कापरेकर मास्तरांनी स्वतः शोधलं. मला हे रांगेत उभं राहून फुकट मिळालं. हिला सगळं समजावून सांगितलं. भडंगात शेंगदाणे टाकता टाकता ती म्हणाली, "आणि ळ?"

'ळ'चं असं झालं होतं की अर्ज तीन तुटक्या क्रमांकांवर तीन ठिकाणी पडला होता आणि एकाही ठिकाणी सापडत नव्हता.

शेवटी क्लार्कलाच दया आली. "सर, नवी सिस्टीम नऊ आकडी मागतीया. मागं एक आकडा वाढवू या, कुठलाबी."

"कुठलाबी कसा? सम लावला तर दोननं भाग जातो. पाच लावला तर पाचनं. एक किंवा सात लावला तर तीननं. राहिले तीन आणि नऊ, पण त्यांनीही ती फुटते, नातवानं बघितलंय. ही इथंच संपते हो!"

मागच्या रांगेतून कुणीतरी "आवरा की" म्हणालं.

"मग शून्य टाकू?"

"शून्यानं तर दोन, पाच, दहा, सगळेच आत घुसतील!"

"घुसू देत की," म्हणून त्यानं बटण दाबलं.

नवं बिल आलं. 'ळ' जागेवर होता. हिनं ते देव्हाऱ्यापुढं ठेवलं. ती आत गेल्यावर मी हळूच उचललं आणि ७३९३९१३३० ला दहानं भागून बघितलं. होती, तशीच होती.