आधी यंत्र की आधी गेम?

‘कन्सोल आधी तयार होतो, गेम मागून त्यात बसवल्या जातात’ हे व्हिडिओ गेमच्या यंत्रांवरच्या (म्हणजे कन्सोलवरच्या) लेखातलं वाक्य मला पटलं नाही. निनटेंडो या जपानी गेम-कंपनीच्या बाबतीत तर बऱ्याचदा उलटंच घडलंय. १९९६ च्या निनटेंडो ६४ या कन्सोलचा, हातात धरून खेळायचा कंट्रोलर आणि ‘सुपर मारिओ ६४’ एकमेकांसोबत घडत गेले. त्या कंट्रोलरवरची ॲनालॉग स्टिक, म्हणजे अंगठ्यानं ढकलायची छोटी दांडी, मी पहिल्यांदा हातात धरली तेव्हाचं अजून आठवतं: किंचित ढकलली की मारिओ चवड्यांवर हळूच चालायचा, पूर्ण ढकलली की धावत सुटायचा. तोवर चार दिशांच्या बटणांवर वाढलेल्या माझ्या अंगठ्याला हे सगळंच नवं होतं. आणि ती चार पिवळी बटणं? त्या गेममध्ये कॅमेरा फिरवायला ती इतकी चपखल बसतात की दुसऱ्या कशासाठी असतील असं वाटतच नाही. त्याही आधी, १९८२ मध्ये, निनटेंडोच्याच गुनपेई योकोई यांचं अधिक-चिन्हासारखं बटण ‘डाँकी काँग’च्या हातात मावणाऱ्या आवृत्तीतच आलं होतं.

याची किंमतही मोजावी लागते, आणि ती बाजू लेखात हवी होती. ‘मारिओ ६४’ अवघ्या ८ मेगाबाइटच्या कार्ट्रिजमध्ये मावली, झटपट सुरूही व्हायची. पण दुसऱ्या कंपनीच्या ‘फायनल फँटसी ७’ला तीन सीडी लागल्या, तेवढं कार्ट्रिजमध्ये मावणारं नव्हतं, आणि १९९७ मध्ये ती गेली सीडीवर चालणाऱ्या, सोनीच्या प्लेस्टेशनवर. स्वतःच्या गेमच्या मापानं शिवलेला अंगरखा पाहुण्यांना घट्ट झाला. तरी मला विचाराल तर ती स्टिक मिळाली हा सौदा खेळणाऱ्यांच्या फायद्याचाच ठरला.