आत स्प्रिंग असते

परवा कमला नेहरू पार्कात एका काकांनी माझा रुबिक क्यूब फ्लॅटच्या चावीने उचकटला. माझी चूक एवढीच, की "बघू?" म्हटल्यावर मी तो दिला.

काका ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त. हे त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं.

"याचा फॉर्म्युला असतो ना?" हा पहिला प्रश्न. सगळेच विचारतात, आणि सूर असा, की आपण पेपर फोडून पास झालोय. पेटी शिकणाऱ्याला कुणी "पट्ट्या ठरलेल्याच असतात ना?" म्हणत नाही. असतो की फॉर्म्युला! पण खालचा क्रॉस, म्हणजे एका रंगाची फुली, आणि पहिले दोन थर डोळ्यांनी शोधत लावायचे असतात. मग शेवटच्या थराचा रंग वर आणायच्या 57 तऱ्हा आणि तुकडे जागेवर न्यायच्या 21. त्या डोक्याला नव्हे, बोटांना पाठ असतात. मध्येच कुणी "आता कुठे वळवलंस?" विचारलं की बोटं विसरतात. काका दर चार वळणांनी विचारत होते.

"कमीत कमी किती चालींत सुटतो?"

"कितीही बिघडवा, 20 चालींच्या आत सुटतो. 2010 साली संगणकावर सिद्ध झालंय."

"आणि तू किती घेतेस?"

"साठेक."

काकांनी शेजारच्या बाकाकडे वळून जाहीर केलं, "तिप्पट घेते."

त्या 20 चाली शोधायलाही संगणकच लागतो, हे मला सांगायचं होतं. पण शेजारच्या बाकाने एव्हाना मान हलवली होती.

"जाम फिरतोय. खोबरेल घाल." जानेवारीत पुण्यात खोबरेल बाटलीत गोठतं, ते क्यूबमध्ये का नाही गोठणार? सिलिकॉनचं वंगण लागतं, तेही दोन-तीन थेंब. आणि घट्टपणा हा मुळात स्क्रूचा मामला. सहाही बाजूंच्या मधल्या तुकड्यांची टोपणं काढली, की खाली प्रत्येकी एक स्क्रू आणि एक स्प्रिंग. पाव आटा सैल करायचा, सहाही सारखे. फार ढिले सोडले तर कोपरे जागच्या जागी गरकन फिरतात. एवढं सगळं मी सांगितलं, त्यातला "स्प्रिंग" तेवढा पोचला.

"आत स्प्रिंग असते ना? मग थांब."

वरचा थर त्यांनी 45 अंशांत वळवला. हे अगदी बरोबर, ड्रॉइंग ऑफिस वाया गेलं नव्हतं. मग चावीचं टोक फटीत घातलं आणि टक्! कडेचा तुकडा त्यांच्या मांडीवर, मागोमाग कोपरा बाकाखाली. तो मीच वाकून शोधला. काकांनी शर्टला पुसून दोन्ही खोचले. "घे. मोकळा झाला." पांढऱ्या बाजूवर ओरखडा अजून आहे.

कडेचा तुकडा दोन तऱ्हांनी बसतो, कोपरा तीन. म्हणजे सहा जोडण्या, त्यातली एकच खरी. काकांनी कड नेमकी बसवली. क्यूब अर्धवट सोडवलेला, त्यामुळे कोपऱ्याचं मला शेवटपर्यंत कळलं नाही. सगळे रंग जुळले आणि एक कोपरा तेवढा तोंड फिरवून बसला. नुसत्या फिरवण्याने एकटा कोपरा कधीच वळत नाही. भरपाईला दुसरा कोपरा वळावाच लागतो. तेव्हा 20 काय, 20 कोटी चालींतही तो सुटणार नव्हता.

"अडकलीस?"

"काका, कोपरा उलटा बसलाय. तुम्ही बसवलात तो."

"अगं, मी 38 वर्षं ड्रॉइंग ऑफिसात होतो." हे उत्तर होतं. पुढे म्हणाले, "सराव कमी पडतो. मोबाइल बघता ना तुम्ही सारखा."

मी अंगठ्याने तो कोपरा जागेवरच वळवला. एक सेकंदाचं काम. स्पर्धेतसुद्धा कोपरा असा फिरून क्यूब अडला, तर हाताने सरळ करायची मुभा असते. सहाही बाजू जुळल्या आणि मी क्यूब काकांपुढे धरला.

काकांनी तो हातात घेतलाच नाही. चावी खिशात टाकली, उठले आणि शेजारच्या बाकाला म्हणाले, "तिप्पट घेते, आणि शेवटी उचकटते."