पाठ टेकली म्हणजे हरला का?

धरमपेठेतल्या कट्ट्यावर तर्री-पोह्यांच्या प्लेटा रिकाम्या झाल्या, तरी गज्याभाऊ आपला मुद्दा सोडेना. एमएमए, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स, ही आपली कुस्तीच, वरून ठोसे-लाथा जोडल्या. "पाय धरून पट काढला, पाडलं, छातीवर बसून हाणलं. नवीन काय आहे बे यात?"

"पाडल्यावर काय होते, तेच नवीन," नीलेश म्हणाला. "आखाड्यात पाठ टेकली की निकाल. तिथं खरी लढत तवाच सुरू होते."

मग त्यानं मुळापासून मांडलं. जपानचा जुडोवाला मित्सुयो माएदा ब्राझीलला गेला, त्याच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकला. कार्लोस आणि धाकटा भाऊ हेलिओ यांनी जुडोतला जमिनीवरचा भाग घासून घासून वाढवला. उताणं पडून समोरच्याला दोन पायांत अडकवायचं, कंबर सरकवत राहायची, आणि त्याचा हात किंवा मान सापडली की डाव लावायचा. १२ नोव्हेंबर १९९३ ला अमेरिकेत डेन्व्हरला यूएफसी या एमएमए स्पर्धेचा पहिला सामना-मेळा झाला. आठ लढवय्ये, वजनगट नाहीत. हेलिओचा मुलगा रॉयस, वजन ८० किलोंच्या आसपास. एका रात्रीत तिघांना हार मानायला लावली.

"पण पुढं कुस्तीवालेच गेले ना!" गज्याभाऊ उसळला. "मार्क कोलमन. १९९६ ला जिंकला."

बरोबर. कोलमननं खाली दाबून वरून मारणं हेच शस्त्र केलं. पण जुलै १९९७ मध्ये किकबॉक्सर मॉरिस स्मिथनं त्याला गुणांवर हरवलं. स्मिथ खाली शांत पडून राहिला, डोकं झाकलं, कोलमनला दम लागू दिला, मग उठून लाथा सुरू केल्या. खालचा असा शांत राहिला तर वरच्या माणसाचा जास्त दम जातो. प्रत्येक ठोशाला अंग उचलावं लागते आणि तेवढ्यात खालचा निसटू नये म्हणून पुन्हा दाबावंही लागते.

आतापर्यंत गप्प बसलेला सचिन म्हणाला, "तुम्ही दोघंही डावांवर भांडून राहिले. खेळ घडला नियमांनी." हे मला सगळ्यात पटलं. १९९३ मध्ये चावणं आणि डोळ्यांत बोटं घालणं सोडलं तर जवळपास सगळं चालत होतं. अमेरिकेच्या सिनेटर जॉन मॅकेननं राज्याराज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहून बंदी मागितली, केबल टीव्हीवाल्यांनी हात काढून घेतले. जगायचं तर सुधारणं भाग होतं. १९९७ मध्ये वजनगट आणि सक्तीचे ग्लोव्हज आले, १९९९ मध्ये पाच मिनिटांच्या फेऱ्या, आणि २०००-०१ मध्ये न्यू जर्सीत एकसमान नियम ठरले.

सचिन ग्लोव्हजवर अडकला, आणि अडकण्यासारखंच आहे ते. चार औंसांचा ग्लोव्ह समोरच्याचं डोकं वाचवत नाही, मारणाऱ्याचं हाड वाचवते. उघडी मूठ कवटीवर बसली तर हात मोडायची भीती असते, म्हणून माणूस आवरून मारतो. ग्लोव्ह घातला की ती भीती कमी होते. फेऱ्यांचंही तसंच. दर पाच मिनिटांनी दोघं पुन्हा उभे राहतात, जमिनीवर हळूहळू मिळवलेली जागा वाया जाते. उभ्यानं मारणाऱ्याचा फायदा तिथून वाढला.

"मग आपल्या पोरांनी काय पट सोडायचा?" गज्याभाऊनं विचारलं. यूएफसीत उतरलेला पहिला भारतीय आपला भरत खंडारे. नोव्हेंबर २०१७, शांघाय, पहिल्याच फेरीत गिलोटिन नावाच्या डावात मान अडकून हरला.

पट सोडायचा नाही, डोकं कुठं ठेवायचं ते बदलायचं. मान वाकवून, नजर खाली घालून शिरलं की समोरचा बगलेत मान धरून गळा आवळतो. कान त्याच्या बरगडीला चिकटवायचा, पाठ सरळ, नजर वर, आणि पाय हाती येताच तिरपं ढकलत जायचं. थांबला की मान गेली.

दुसरी सवय जास्त जुनी आहे. चितपट टाळायला पैलवान पोटावर पडतो. १९१० मध्ये लंडनला पोलंडचा पैलवान झ्बिस्को आपल्या गामा पैलवानासमोर अडीच तासांवर असाच मॅटला चिकटून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. एमएमएत असं पडला तर समोरचा पाठीवर चढतो, दोन्ही पाय मांड्यांत अडकवतो, हात हनुवटीखाली घालतो. कोपराची खोबण कंठासमोर, पंजा आपल्याच दुसऱ्या दंडावर, दुसरा हात डोक्यामागं. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दबल्या की काही सेकंदांत शुद्ध जाते. हात हनुवटीवर राहिला तर मात्र डाव लागत नाही, आवळणाऱ्याचेच हात भरून येतात. म्हणून खालच्यानं आधी हनुवटी छातीला लावून आवळणारा हात दोन्ही हातांनी ओढायचा.

"आणि लंगोटाची लांग धरायची ती?" गज्याभाऊनं विचारलं.

"लांगेला हात घालता येते आखाड्यात. तिथं समोरच्याची चड्डी धरली की फाऊल," सचिन म्हणाला. "सवारीची, म्हणजे पाठीवर चढून धरायच्या डावाची, अर्धी पकड तिथंच सुटते. माती घाम शोषते, मॅटवर दुसऱ्या फेरीत अंग सटकते. गळ्याचा डाव लावायचा तर पहिल्याच फेरीत, अंग कोरडं असताना."