मोठ्या पायांसाठीचा तो स्कीइंगचा मेसेज कृपया पुढे पाठवू नका

माझ्या भाच्याच्या डाव्या गुडघ्याला सहा आठवड्यांसाठी ब्रेस लागला आहे. आतल्या बाजूचं लिगामेंट ताणलं गेलं, तुटलं नाही. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं.

हा मुलगा म्युनिकला शिकतो. उंची सहा फूट चार इंच, आणि पाऊल टाचेपासून अंगठ्यापर्यंत ३१.२ सेंटिमीटर. पुण्यात शाळेत असताना दर जूनमध्ये त्याच्या मापाचे बूट शोधत आम्ही लक्ष्मी रोड पालथा घालायचो. जानेवारीत मित्रांबरोबर गार्मिश-पार्टेनकिर्शेनला पहिल्यांदा स्कीइंगला जायचं ठरलं, तेव्हा त्याच्या आईनं, म्हणजे माझ्या ताईनं, काळजीपोटी आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला: "पाय मोठा असलेल्यांनी स्कीइंगला जाण्याआधी हे वाचाच." वर गुलमर्गच्या गोंडोलाचा फोटो, खाली सहा सल्ले, लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही. गेल्या तीन आठवड्यांत तोच मेसेज मला आणखी दोन ग्रुपवरून आला. मी इथे जर्मनीत सोळा वर्षं राहते, त्यातले बारा हिवाळे स्की करते आहे, आणि आता मला गप्प बसवत नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. रोजच्या बुटापेक्षा दोन नंबर मोठा स्कीचा बूट घ्या. आत तीन जोड लोकरी मोजे घाला. मोठ्या पायाचा माणूस जड असतो, म्हणून बाइंडिंग दोन अंकांनी घट्ट करा; दुकानदार ऐकणार नाही, तेव्हा बाहेर आल्यावर स्क्रू ड्रायव्हरनं स्वतःच फिरवा. बूट तोकडा पडला तर उकळत्या पाण्यात ठेवून ताणून घ्या. बोटांना जागा मिळावी म्हणून वरची बकलं उघडी ठेवा. आणि शेवटी, ४६ नंबरच्या पुढे स्कीचे बूट बनतच नाहीत, तेव्हा नाद सोडा.

आधी बाइंडिंगचं बोलते, कारण भाच्यानं नेमकं तेच केलं.

बाइंडिंग म्हणजे बूट आणि स्की यांना जोडणारा स्प्रिंगचा सांधा. पडताना पाय पिळला जाऊ लागला की ठरावीक जोराला तो सुटतो आणि स्की पायापासून वेगळी होते. किती जोराला सुटायचं, हे पुढच्या आणि मागच्या भागावरच्या छोट्या खिडकीतल्या आकड्यानं ठरतं. हा आकडा कुणी अंदाजानं लावत नाही. आयएसओ ११०८८ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात त्यासाठी कोष्टक दिलेलं आहे. वजन आणि उंची पाहून ओळ ठरते. दोन्हींच्या ओळी वेगळ्या आल्या तर सौम्य, म्हणजे कमी आकड्याची ओळ घ्यायची. मग तुम्ही सावकाश जाणारे की वेगानं, ते बघायचं. पन्नाशी ओलांडली असेल तर एक ओळ आणखी सौम्य. आणि सगळ्यात शेवटी, बुटाच्या तळाची लांबी. ती मिलिमीटरमध्ये बुटाच्या टाचेजवळ प्लास्टिकवरच कोरलेली असते.

या तळाच्या लांबीनंच मेसेज उघडा पडतो. कोष्टकात लांबीचे रकाने वीस-वीस मिलिमीटरचे आहेत: २७१ ते २९०, २९१ ते ३१०, ३११ ते ३३०, असे पुढे. एकाच ओळीत तुम्ही लांब तळाकडे सरकत गेलात तर आकडा कमी होत जातो, दर रकान्याला साधारण अर्ध्या अंकानं. वजन तेवढंच, उंची तेवढीच, पण बूट लांब, म्हणजे बाइंडिंग सैल. मेसेज सांगतो त्याच्या बरोबर उलट.

कारण समजायला इंजिनियर असावं लागत नाही. गाडीचं चाक बदलताना नट हलला नाही की आपण लांब दांड्याचा पाना घेतो. हात तोच, जोर तोच, पण लांब दांड्यानं पीळ जास्त बसतो. बुटाचा तळ हा तो दांडा आहे. पुढच्या टोकाला बाइंडिंग तेवढ्याच जोरानं धरून बसलं, तर लांब तळातून पायावर येणारा पीळ मोठा असतो. म्हणून लांब बुटासाठी स्प्रिंग लवकर सुटायला हवी. भाच्याचा बूट साडेतीनशे मिलिमीटरच्या पुढचा, म्हणजे कोष्टकाच्या पार उजवीकडचा. दुकानातल्या मुलीनं त्याला वजन विचारलं, उंची विचारली, तळ वाचला आणि आकडा बरोबर लावून दिला. यानं पार्किंगमध्ये मित्राच्या गाडीतला स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि पुढे-मागे दोन्हीकडे दोन-दोन अंक वाढवले. तिसऱ्या फेरीला निळ्या, म्हणजे सोप्या उतारावर, अगदी हळू जात असताना स्कीचं टोक बर्फात अडकलं. तो पडला. स्की सुटली नाही. पाय तिच्याबरोबर फिरला.

आकडा तसाच ठेवला असता तर गुडघा वाचलाच असता, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. ही बाइंडिंग मुळात नडगीचं हाड मोडू नये म्हणून बनली आहेत. गुडघ्याच्या लिगामेंटना त्यांच्याकडून पुरतं संरक्षण मिळत नाही, आणि सावकाश पिळत पडताना बरोबर लावलेलं बाइंडिंगही कधीकधी सुटत नाही. पण जे थोडंफार संरक्षण होतं, ते त्यानं स्वतःच्या हातानं काढून टाकलं, कारण मेसेजनं तसं सांगितलं होतं. वजन फॉर्मवर खरं लिहा, किलोत लिहा, आणि त्या स्क्रूला हात लावू नका. औलीला किंवा गुलमर्गला जाणाऱ्या पन्नाशीपुढच्या मंडळींनी तर अजिबातच नाही. हा मेसेज आमच्या ग्रुपवरच्या तीन काकांनी "उपयुक्त" म्हणून पुढे पाठवलाय, म्हणून मुद्दाम लिहिते.

आता दोन नंबर मोठ्या बुटाचं. स्कीच्या बुटाचं माप युरोपियन ४८ किंवा आपल्याकडचं १२ नंबर असं नसतंच. ते मोंडोपॉइंटमध्ये असतं, आणि मोंडोपॉइंट म्हणजे तुमच्या पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये, बस. पाऊल ३१ सेंटिमीटर तर मोंडो ३१. यात "रोजच्यापेक्षा दोन नंबर" ही भाषाच लागू होत नाही. युरोपियन नंबर दोन-तृतीयांश सेंटिमीटरच्या टप्प्यानं वाढतात, म्हणजे दोन नंबर मोठा घेतला की बूट सव्वा सेंटिमीटरहून अधिक लांब झाला. शिवाय बहुतेक कंपन्या बाहेरचं प्लास्टिकचं कवच अर्ध्या मापात बनवत नाहीत. ३१ आणि ३१.५ चं कवच एकच असतं, फरक आतल्या मऊ लायनरमध्ये किंवा पाताव्यात, म्हणजे तळाशी ठेवायच्या सुट्या सोलमध्ये. त्यामुळे दुकानात "३१.५ नाही, ३१ आहे" असं म्हणाले तर लगेच परत फिरू नका.

माप घेण्याची रीत सोपी आहे. भिंतीला टाच टेकवून, पूर्ण वजन देऊन उभं राहा, दोन्ही पावलं मोजा, ती बहुधा सारखी नसतात. मग दुकानात लायनर बाहेर काढायचा, नुसत्या कवचात पाय घालायचा, बोटं पुढे हलकेच टेकवायची आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघायचं. एक ते दोन सेंटिमीटर उरली तर ठीक. त्याहून जास्त असेल तर कवच मोठं आहे, मग लायनर घातल्यावर कितीही मऊ वाटू दे.

मोठ्या पायाची माणसं इथेच फसतात. आयुष्यभर बूट चावलेले असतात, त्यामुळे पहिल्यांदा बोटांना न टेकणारा बूट मिळाला की हायसं वाटतं. पण स्कीचा बूट सरळ उभं राहून पारखायचा नसतो. सरळ उभं असताना बोटं टोकाला लागतातच. गुडघे पुढे वाकवले की टाच मागच्या खोबणीत बसते आणि बोटं सुटतात. सैल बुटात टाच उचलली जाते, पाय पुढे घसरून नखं काळी पडतात आणि वळायला सांगितलेलं स्कीपर्यंत उशिरा पोहोचतं. मग माणूस पाय धरून ठेवायला पावलाच्या उंचवट्यावरचं बकल आवळतो. तिथेच रक्तवाहिन्या आणि नसा कातडीच्या लगेच खाली असतात. अर्ध्या तासात पाय बधिर आणि थंडगार. म्हणजे मोठा बूट ऊबदार असतो ही समजूतच उलटी आहे.

तीन जोड मोज्यांचंही तेच. थर एकमेकांवर सरकतात, सुरकुत्या पडून घासतात, घाम धरतात, आणि पुन्हा रक्त अडवतात. एकच जोड, पातळ, मेरिनो लोकरीचा, गुडघ्याखालपर्यंत येणारा. लांब अंतर्वस्त्राचा खालचा भागही बुटात खोचायचा नाही.

उकळत्या पाण्याच्या सल्ल्यात एक अर्धं सत्य आहे, ते नाइलाजानं मान्य करते. प्लास्टिक गरम करून आकार देता येतो. काही कवचं दुकानातल्या खास ओव्हनमध्ये गरम करून पायावर बसवतात, आणि बूटफिटर, म्हणजे पायाला बूट बसवून देणारे कारागीर, कवचाचा नेमका एक भाग तापवून आतून दाबून काही मिलिमीटर फुगवतात किंवा आतून घासून पातळ करतात. करंगळीच्या बाजूला, घोट्याच्या हाडाशी, अंगठ्यापुढे, असं. पण कंपनीनं तापमान आणि मिनिटं ठरवून दिलेली असतात, आणि तळाचे पुढचे-मागचे ओठ ठरावीक मापाचेच राहावे लागतात, कारण बाइंडिंग तेच पकडतं. पातेल्यात अख्खा बूट उकळला की त्या मापाची खात्री संपली, लायनरचा फोमही गेला. घरी हे कुणीही करू नये.

बकलांचं एका वाक्यात: वरची उघडी ठेवलीत तर नडगीला आधार उरत नाही, पाय पुढे घसरतो आणि बोटं आणखीच आपटतात.

राहिलं "४६ च्या पुढे बूट बनतच नाहीत". हे धादांत खोटं आहे, पण त्यामागचं दुखणं खरं आहे आणि ते मी मान्य करते. पूर्वी स्कीचे बूट चामड्याचे असत. चामडं ओलं होऊन ताणलं जाई, मोठ्या पायासाठी चांभार वेगळा जोड शिवू शकत असे. १९६० च्या दशकात अमेरिकेत बॉब लँग यांनी प्लास्टिकचा बूट आणला आणि सगळा धंदा तिकडे वळला. ताबा सुधारला, पण प्रत्येक मापासाठी वेगळा साचा लागू लागला. साचा महाग, आणि ३२ सेंटिमीटरचं पाऊल असलेली गिऱ्हाइकं मोजकी. म्हणून बरीच मॉडेलं ३०.५ किंवा ३१.५ ला थांबतात. ३२.५ आणि ३३.५ चे बूट मिळतात, पण थोड्याच मॉडेलांत, बहुधा रुंद आणि मऊ प्रकारात, आणि दुकानाच्या फळीवर क्वचितच. भाड्याच्या दुकानाला आठवडाभर आधी फोन करून मोंडो माप सांगा. गुलमर्ग किंवा औलीला जाणार असाल तर तिकीट काढण्याआधी विचारा, गृहीत धरून जाऊ नका.

आणखी एक. ज्यांना आपला पाय "मोठा" वाटतो त्यांतल्या अनेकांचा तो लांब नसून रुंद किंवा वरून उंच असतो. बुटावर ९८, १००, १०२ असे मिलिमीटर लिहिलेले असतात, ती पुढच्या भागाची रुंदी. पण ती साधारणपणे २६.५ मापाच्या बुटाची असते. माप वाढलं की रुंदीही वाढते. त्यामुळे ३१.५ चा "अरुंद" बूट प्रत्यक्षात बऱ्यापैकी रुंद असतो. लांबीनं मोठा पण सडपातळ पाय असेल तर १०२ चा बूट घेऊन तुम्ही आत पोहत राहाल.

भाच्याला मागच्या आठवड्यात, कुबड्यांवरच, मी एका बूटफिटरकडे नेलं. त्यांनी उजवा पाय मोजला, ३०.८. डावा ३१.२. कमानीखाली आधार देणारा पातावा ठेवून पुन्हा मोजला तर डावा काही मिलिमीटर आखूड भरला, कारण त्याचे तळवे सपाट आहेत आणि वजन पडलं की पाऊल पसरून लांब होतं. ३१ च्या कवचात टाचेमागे दीड सेंटिमीटर राहिलं. डाव्या अंगठ्याशी थोडं फुगवावं लागेल, एवढंच. थोडा तोकडा बूट वाढवता येतो, मोठा बूट कुणालाही लहान करून देता येत नाही, हे त्या गृहस्थांनी त्याला दोनदा सांगितलं. मेसेजच्या हिशेबानं त्यानं जानेवारीत भाड्यानं घेतलेला बूट ३३ चा होता.

ताईनं काल ग्रुपवरचा तो मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायचा प्रयत्न केला. मुदत उलटून गेली होती, तो जाईना. रात्री तिचा फोन आला, रडत होती. चूक तिची नाही, हे मी तिला सांगितलं, इथेही सांगते. तो मेसेज तिथे तसाच राहणार आहे, म्हणून हे सगळं मी त्याच ग्रुपवर, त्याला उत्तर म्हणून टाकते आहे. ज्या ज्या ग्रुपवर तुम्ही तो पाठवला असेल, तिथे हेही पाठवा.