गट बदलू नकोस, असे मी ताईला का सांगितले

गेल्या रविवारी रात्री माझ्या थोरल्या बहिणीने मला महाविद्यालयातल्या गटाच्या प्रकल्पांविरुद्ध फिरणारा एक संदेश पाठवला आणि त्याखाली एवढेच विचारले, "हे खरे आहे का रे? हिला गट बदलायला सांगू का?" तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, नाशिकच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेच्या पहिल्या वर्षाला आहे, तिथे तिला गटाने एक प्रकल्प करायचा आहे, आणि मी स्वतः अनेक वर्षे पहिल्या वर्षालाच शिकवतो. हा संदेश पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांतून फिरताना मी आधीही पाहिला होता आणि सोडून दिला होता. तो घरात येऊन पोहोचल्यावर मात्र गप्प बसणे मला शक्य नाही.

संदेशातील दावे पाच आहेत. गटाने प्रकल्प करणे हे इथल्या महाविद्यालयांनी काढलेले खूळ असून आयआयटीत असले काही नसते. संगणकाच्या मुलांना यंत्र, शेती किंवा समाज यांच्याशी काही कर्तव्य नाही. गटाने शिकल्यास निकाल घसरतो, हे अमेरिकेतल्या संशोधनाने सिद्ध झाले आहे. गटात एक राबतो आणि बाकीचे गुण खातात. आणि शेवटी, हुशार मुलांनी खेड्यातून, मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या गटात जाऊ नये, कारण ती त्यांना खाली खेचतात.

या शेवटच्या वाक्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, म्हणून आधी त्याचाच समाचार घेतो. नाशिकच्या महाविद्यालयांत पहिल्या वर्षाच्या वर्गात निफाड, चांदवड, कळवण, सुरगाणा इथली मुले असतातच. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली ही मुले पहिले काही आठवडे इंग्रजीत प्रश्न विचारायला कचरतात. त्यावरून त्यांना प्रश्नच पडत नाहीत असे ठरवणे हा निव्वळ उद्धटपणा आहे, आणि तो पालकांनी मुलांच्या मनात भरवावा, हे त्याहून वाईट आहे.

भाचीच्या गटात चार शाखांची चार मुले आहेत आणि त्यांनी कांदा चाळीतले तापमान व आर्द्रता मोजून शेतकऱ्याला मोबाइलवर सूचना देणारे साधन करायला घेतले आहे. तिने प्रोग्रॅम लिहिला, सेन्सर चाळीच्या वाशाला, वायर सहज पोहोचेल अशा ठिकाणी बांधला, आणि सगळे आकडे उत्तम येऊ लागले. गटातला यंत्र शाखेचा मुलगा चांदवडकडचा आहे, त्याच्या घरी दरवर्षी उन्हाळ कांदा साठवतात. तो म्हणाला, "इथे वर वारा लागतो, इथला आकडा चांगलाच येणार. कांदा सडतो तो ढिगाच्या पोटात." पुढच्या वेळी त्याने छिद्रे पाडलेला पीव्हीसी पाइप आणला, त्यात सेन्सर सोडून तो पाइप ढिगात खोलवर खुपसला, आणि आत दमटपणा किती वेगळा आहे ते चौघांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. कोणत्या आकड्याला शेतकऱ्याला सूचना द्यायची, ती प्रोग्रॅममधली मर्यादा बदलावी लागली. त्या मुलाला कोडिंग नवीन होते, म्हणून भाची तीन संध्याकाळी त्याच्याबरोबर बसली. लूप, म्हणजे प्रोग्रॅमचा पुन्हा पुन्हा चालणारा भाग, कुठे थांबतो हे त्याला समजावताना ते आपल्यालाही धड कळलेले नाही, हे तिच्या ध्यानात आले. तिनेच मला हे सांगितले. आता यात कोणी कोणाला खाली खेचले, ते संदेश लिहिणाऱ्याने सांगावे.

संशोधनाच्या दाव्यात कोणाचे, कोणत्या वर्षीचे संशोधन, याचा पत्ता नाही. मला माहीत असलेले सांगतो. २०१४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात स्कॉट फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरील २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. केवळ व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत नापास होण्याचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के होते, तर विद्यार्थी वर्गात स्वतः काही करत शिकत होते तिथे ते २१.८ टक्के होते. परीक्षेतले गुणही सरासरी सुमारे ६ टक्क्यांनी जास्त होते. या पद्धतींत गटाने प्रश्न सोडवणे ही एक होती, एकमेव नव्हती, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो. तरीही निष्कर्ष संदेशातल्या दाव्याच्या नेमका उलट जातो.

खूळ म्हणाल, तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात प्रकल्पाधारित शिक्षण हा विषय पहिल्या वर्षालाच होता. आयआयटी गांधीनगरने तर नव्या विद्यार्थ्यांसाठी पायाभरणीचा स्वतंत्र कार्यक्रम २०११ मध्येच सुरू केला आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने तीन आठवड्यांचा प्रेरण (इंडक्शन) कार्यक्रम आखताना त्याचा दाखला दिला. हा मुद्दा याहून अधिक शब्दांच्या लायकीचा नाही.

संगणकाच्या मुलांचा समाजाशी संबंध नाही, हे निदान नाशिककराने तरी म्हणू नये. २००३ च्या कुंभमेळ्यात इथे चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसे मेली. २०१५ च्या सिंहस्थाआधी मूळचे नाशिकचे, अमेरिकेतल्या एमआयटीतले प्राध्यापक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने 'कुंभथॉन' भरले आणि विद्यार्थी, अभियंते, प्रशासनातले अधिकारी कुंभातल्या अडचणींवर उपाय शोधायला एकत्र बसले. निलय कुलकर्णी या नाशिकच्या शाळकरी मुलाचे 'आशिओतो' हे गर्दी मोजणारे साधन याच वातावरणात आकाराला आले: माणसे चटईवरून चालत जातात, पावलांचा दाब मोजला जातो आणि त्यावरून किती गर्दी पुढे सरकली ते कळते. नुसते कोड येऊन हे सुचत नाही. त्यासाठी गर्दी कशी वाहते, पोलीस ती कुठे अडवतात, अनवाणी आणि ओल्या पायांनी माणूस कसा चालतो, हे ठाऊक असावे लागते. आता पुढचा सिंहस्थ तोंडावर आला आहे.

राहिला एक राबतो आणि बाकीचे गुण खातात हा मुद्दा. नाइलाजाने मान्य करतो, हे घडते. तयार प्रकल्प विकत आणून त्यावर चार नावे चिकटवलेलीही मी पाहिली आहेत. पण हा दोष गुण देण्याच्या पद्धतीचा आहे. सगळ्या गटाला सरसकट सारखे गुण वाटणाऱ्या शिक्षकाचाही आहे आणि त्यात काही काळ मीही होतो. प्रत्येकाची तोंडी परीक्षा वेगळी घेतली, कोणी काय केले याची नोंदवही दर आठवड्याला तपासली आणि सहकाऱ्यांच्या कामाबद्दल मुलांचे मत गुप्तपणे मागवले, की फुकटे लगेच उघडे पडतात.

ताईला मी हे सगळे फोनवर सांगितले. भाची गट बदलणार नाही. ताई मात्र येत्या पालकसभेत उभी राहून विचारणार आहे, की या चौघांना गुण वेगवेगळे कसे देणार आणि नोंदवही कोण तपासणार.